हवा बदनाम, विहीर मोकाट

नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पात लॅम रोडनं चालत निघालात की जुने बंगले लागतात. ऐसपैस व्हरांडे, उतरती कौलं, अंगणात मोठाली झाडं, आणि मध्येच एखाद्या फाटकावर 'सॅनिटोरियम' अशी पाटी. मुंबईची पारशी, गुजराती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या इथं येऊन राहतात. कशाला आलात असं विचारलं तर म्हणतात, हवा खायला! देवळालीच्या पोरांना याचं हसू येतं. आपण जी रोज फुकट खातो, ती खायला ही मंडळी घाट चढून येतात.

हे हवेचं वेड आजकालचं नाही. हा कॅम्प वसला तेव्हाही लोकांच्या डोक्यात हवाच होती. १८६१ च्या सुमाराला इंग्रजांनी इथं लष्करी तळ घातला. विलायतेहून बोटीनं मुंबईला उतरलेले गोरे शिपाई आधी इथं आणायचे, मग ठिकठिकाणच्या पलटणींत धाडायचे. मुदत संपलेले शिपाई परतीच्या बोटीची वाट बघत इथंच पडून असायचे. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे वर आली आणि ही ने-आण सोपी झाली. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच, कोरडी, मोकळी जागा. दमट मुंबईपेक्षा शंभर पटीनं बरी, असा हिशेब.

त्या शिपायांना भीती कुणाची होती? शत्रूच्या तोफांची? छे! हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजेच्या आरोग्याची चौकशी करायला विलायतेत एक आयोग बसला होता. १८६३ मध्ये त्याचा अहवाल आला. दर हजार गोऱ्या शिपायांमागं वर्षाला ६९ मरत होते, आणि लढाईत मरणारे त्यात थोडेच. बाकीच्यांना ताप, हगवण आणि पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं, नेलं होतं. या आयोगामागं फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची धडपड होती. गंमत म्हणजे बाईंनी हिंदुस्थान उभ्या आयुष्यात पाहिला नाही. छावण्या-छावण्यांतून आलेले ढीगभर कागद वाचून, आकडे मांडून, त्यांनी लंडनमधून बजावलं की आधी पिण्याचं पाणी बघा, सांडपाणी कुठं जातं ते बघा.

आता तुम्ही म्हणाल, एवढी साधी गोष्ट कळायला १८६३ साल उजाडावं लागलं? तर त्याच्याही तीनशे वर्षं आधी युरोपातून आलेल्या माणसांनी आपल्या शेजारी एक शहर वसवलं होतं. देखणं, श्रीमंत, राजधानीचं शहर. आणि ते त्यांना सोडून जावं लागलं.

चला तर गोव्याला. समुद्रावर नाही हं, डुंबायचं नंतर. पणजीहून मांडवीच्या काठानं दहाएक किलोमीटर आत जायचं, जुन्या गोव्याला.

१५१० मध्ये अफोंसो द आल्बुकेर्क या पोर्तुगीज सेनापतीनं विजापूरच्या आदिलशाहीकडून हे बंदर घेतलं. पहिल्या खेपेला घेतलं, दोन-तीन महिन्यांत हातचं गेलं, म्हणून नोव्हेंबरात पुन्हा येऊन घेतलं. आपल्या माणसांनी इथंच लग्नं करून घरं थाटावीत असा त्याचा आग्रह होता. १५३० पासून हे शहर पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या सगळ्या राज्याची राजधानी झालं. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून पार मकावपर्यंतचा कारभार इथून चालायचा. मिरी, घोडे, रेशीम, चिनी भांडी, हिरे, काय नव्हतं बाजारात! १५५६ मध्ये हिंदुस्थानातला पहिला छापखाना इथल्या सेंट पॉल कॉलेजात सुरू झाला. भर वैभवात या शहरात दोन लाख माणसं राहत असावीत, असा काही अभ्यासकांचा अंदाज आहे.

पोर्तुगालहून नवा व्हाइसरॉय आला की मांडवीच्या धक्क्यावर उतरायचा आणि एका भव्य कमानीखालून शहरात शिरायचा. ही कमान वास्को द गामाच्या पणतूनं बांधून घेतली. पणतू स्वतः व्हाइसरॉय होता, त्यामुळं पणजोबांचा पुतळा कमानीवर बसवायला कुणाची परवानगी काढायची गरजच नव्हती! कमान अजून आहे. तिच्यातून आज आत गेलात तर दोन लाख माणसांचं शहर कुठं दिसत नाही. दिसतात ती मोठमोठी चर्च, हिरवळ, नारळ, आणि मधली मोकळी जागा. घरं, बाजार, राजवाडा, गल्ल्या, सगळं गडप.

कुणी लुटून नेलं का? जाळलं का? नाही. आजारानं हे शहर आतून पोखरलं.

पहिला मोठा दणका १५४३ चा. पोर्तुगीज इतिहासकार गास्पार कोरैया तेव्हा इथंच होता. शहरात पटकीची साथ आली. इथले लोक त्या दुखण्याला मोडशी म्हणत. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत संपायचा. माणूस गेला की चर्चची घंटा वाजवायची पद्धत होती. पण मरणारे इतके झाले की दिवसभर घंटाच घंटा, आणि ऐकणाऱ्यांचा धीर खचायला लागला. शेवटी गव्हर्नरनं हुकूम काढला, मेलेल्यांसाठी घंटा वाजवू नका! त्यानं आणखी एक गोष्ट केली, आणि मला ती फार आवडते. इस्पितळात दगावलेल्या एका माणसाचं पोट डॉक्टरांकडून उघडवून पाहिलं. आत काय बिघडलंय ते तरी कळू दे! डॉक्टरांना काय दिसलं? आक्रसलेलं, सुरकुतलेलं जठर. बस्स, बाकी काही नाही.

बिचाऱ्यांना दिसणार तरी कसं? गुन्हेगार इतका बारीक की सूक्ष्मदर्शकाशिवाय सापडणं शक्य नाही, आणि सूक्ष्मदर्शकाचा तेव्हा पत्ताच नव्हता.

याच शहरात गार्सिया द ओर्ता नावाचा एक हुशार पोर्तुगीज डॉक्टर राहायचा. १५३४ मध्ये आला आणि इथलाच झाला. इथल्या वैद्यांशी, हकिमांशी गप्पा मारायचा, बागेत औषधी झाडं लावायचा. १५६३ मध्ये त्याचं औषधांवरचं पुस्तक गोव्यातच छापलं गेलं, त्यात पटकीवरही लिहिलंय. आणि हो, मुंबईचं बेट तेव्हा याच डॉक्टरसाहेबांकडं भाडेपट्ट्यानं होतं. अख्खी मुंबई एका डॉक्टरच्या नावावर!

तर पटकी येते कशी? पटकीचे जंतू पाण्यावाटे पोटात जातात आणि लहान आतड्याच्या आतल्या भिंतीला चिकटून बसतात. तिथं ते एक विष सोडतात. त्या विषानं आतड्याच्या पेशी अंगातलं मीठ आणि पाणी भराभरा बाहेर टाकायला लागतात. मोठ्या माणसाच्या शरीरातून दिवसाला दहा-पंधरा लिटर पाणी निघून जाऊ शकतं. शरीरात मुरलेलं पाणीच संपलं की रक्त घट्ट होतं आणि माणूस सुकून मरतो. जंतू बाहेर पडतात ते जुलाबावाटे. म्हणजे त्यांना पुढच्या पोटात शिरायचं तर मुख्य वाट हीच, संडासातून पिण्याच्या पाण्यात.

आणि इथं येते गोव्याच्या दगडाची गोष्ट. देवळालीच्या आसपास कुठलाही काळा दगड उचला आणि त्यावर चमचाभर पाणी ओता. पाणी ओघळून खाली जाईल. हा आपला बेसाल्ट, काळा कुळकुळीत पाषाण. आता कोकणात किंवा गोव्यात गेलात तर घरांच्या भिंतींचा लालसर चिरा बघा. तो जांभा. भोकंच भोकं. त्यावर चमचाभर पाणी ओता, बघता बघता आत मुरेल. जुना गोवा उभा होता तो या जांभ्यावर. घरोघरी विहीर जांभ्यात खणलेली, आणि मैल्याचा खड्डाही जांभ्यातच, बहुतेक विहिरीच्या शेजारी. त्यात गोव्याचा पाऊस, एका मोसमात तीन मीटरच्या घरात. खड्ड्यातलं पाणी जमिनीतून झिरपत झिरपत विहिरीत. विहीर दिसायला नितळ, पाणी चवीला गोड.

इस्पितळाची तर आणखी गंमत. गोव्याचं राजाचं इस्पितळ जगप्रसिद्ध होतं. सोळाशे आठ साली पिरार द लाव्हाल नावाचा फ्रेंच खलाशी आजारी पडून तिथं दाखल झाला, आणि बाहेर आल्यावर त्यानं तोंड भरून कौतुक केलं. स्वच्छ चादरी, उत्तम जेवण, ताटं-वाट्या चांदीच्या किंवा चिनी मातीच्या. असं इस्पितळ जगात नाही, असं त्याचं मत. आणि याच इस्पितळात सतराव्या शतकाच्या पहिल्या तीसेक वर्षांत सुमारे २५,००० पोर्तुगीज शिपाई मेले, असा आकडा इतिहासकार देतात. ताट चांदीचं, पण शेजारच्या पेल्यात पाणी कुठल्या विहिरीचं, हे कुणी विचारत नव्हतं.

दुसरा गुन्हेगार उडत यायचा. हिवतापाचा डास. नर डास बिचारे फुलांचा रस पिऊन राहतात, रक्त लागतं मादीला, अंडी घालायची म्हणून. ती अंडी घालते साचलेल्या पाण्यावर. अंड्यातून अळी, अळीतून कोष, कोषातून डास, सगळं मिळून आठ-दहा दिवसांचं काम. म्हणून तर आपल्याकडं आरोग्य खात्याचे लोक आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणून सांगत फिरतात. आता असं बघा, साथीनं एक कुटुंब मेलं किंवा शहर सोडून गेलं, की मागं उरायचं रिकामं घर आणि उघडी विहीर. पाणी उपसणारं कुणी नाही. त्यात डासांची नवी पिढी. मग शेजारचं कुटुंब तापानं फणफणायचं, तेही उठायचं, आणि आणखी एक विहीर मोकळी. माणसं कमी होत गेली तसं शहर बरं व्हायला हवं होतं. ते जास्तच आजारी पडत गेलं.

विहिरीतले डास ही मी मारलेली थाप नाही. १९११ मध्ये मुंबईत चार्ल्स बेंटली नावाच्या डॉक्टरनं हिवतापाचा तपास केला, तेव्हा त्याला कळलं की शहरातला ताप पसरवणारी डासाची जात दलदलीत नाही, घरोघरच्या विहिरींत वाढते. विहिरी झाका नाहीतर बुजवा, असं त्यानं सांगितलं. त्यावरून मुंबईत केवढी बोंबाबोंब झाली! विहीर पवित्र, ती बुजवायची म्हणजे काय? शेवटी काही विहिरींना जाळीची झाकणं आली.

पण जुन्या गोव्याच्या लोकांनी दोष दिला कुणाला? हवेला! कुजकी हवा, दलदलीतून उठणारी वाफ, करमळीच्या तळ्यावरून येणारा वारा. युरोपातले मोठमोठे डॉक्टर तेव्हा हेच सांगत होते, त्यामुळं या लोकांना हसण्यात अर्थ नाही. डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू रोनाल्ड रॉसनं पाहिला तो २० ऑगस्ट १८९७ ला, सिकंदराबादमध्ये. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉखनं नक्की केला १८८४ मध्ये, आणि त्यासाठी तो कलकत्त्याला आला होता. गोवेकरांना शहर सोडून तोवर शंभरहून जास्त वर्षं झाली होती.

हो, शहर सोडलं. एका रात्रीत नाही, रडतखडत. आधी डचांनी समुद्रावरचा व्यापार तोडला, मांडवी गाळानं भरत चालली, पैसा आटला. साथी येतच राहिल्या. अशात १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांनी शहराच्या अगदी नाकासमोरचा जुवे बेटावरचा किल्ला घेतला. व्हाइसरॉय इतका हादरला की त्यानं सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी जाऊन आपला राजदंडच त्या संताच्या हाती ठेवला. आता तुम्हीच सांभाळा! नंतर त्यानं राजधानी मुरगावला हलवायचं ठरवलं. बांधकाम सुरूही झालं, आणि मग थंडावलं.

१६९५ मध्ये व्हाइसरॉय स्वतःच शहराबाहेर पॅनेलिमला राहायला गेला. राजाच गेला म्हटल्यावर बाकीचे कशाला थांबतात? तेव्हा शहरात उरली होती वीसेक हजार माणसं. १७५९ मध्ये कारभार पणजीला आदिलशहाच्या जुन्या वाड्यात हलला. १७७५ मध्ये जुन्या गोव्यात माणसं मोजली ती भरली १,६००. तरी पोर्तुगालच्या सत्ताधारी पोंबालनं हट्टानं शहर नव्यानं उभारायचा हुकूम सोडला. गवंडी-मजूर कामाला लागले आणि तापानं पटापट आडवे झाले. १७७७ मध्ये तिकडं पोंबालची सत्ता गेली, इकडं काम गुंडाळलं. मग लोकांनी सरळ शहराचेच चिरे काढून पणजीच्या घरांना लावले. व्हाइसरॉयचा राजवाडासुद्धा १८२० मध्ये दगडांसाठी उतरवला. १८३५ मध्ये मठ बंद झाले. सेंट ऑगस्टीनच्या चर्चचं छत १८४२ मध्ये कोसळलं, पुढं १९३१ मध्ये दर्शनी भाग पडला. आता त्याचा ४६ मीटरचा अर्धा मनोरा तेवढा उभा आहे. पणजी अधिकृत राजधानी झाली १८४३ मध्ये.

पणजी तरी कुठं मोठी निरोगी होती? चिखल, दलदल, खाजण. भराव घालत घालत शहर वाढलं. पण टेकडीच्या पायथ्याशी वाहते झरे होते, फोन्तेन्यासचा झरा त्यातलाच. वस्ती विरळ होती. दोनशे वर्षं मैला मुरलेल्या विहिरी नव्हत्या. हवेला घाबरून पळालेली माणसं न कळत विहिरींपासून पळाली, आणि वाचली!

असंच देवळालीच्या शेजारीही घडलंय. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि हळूहळू घाटावर चढला. १८९९ मध्ये तो कॅम्पाला लागून असलेल्या भगूरात होता. विनायक सावरकर तेव्हा सोळा वर्षांचे. त्यांचे वडील आणि चुलते दोघेही त्या साथीत गेले, आणि सावरकर कुटुंब भगूर सोडून नाशकात आलं. त्या काळी महाराष्ट्रातल्या गावोगावी एक ठरलेली खूण होती. घरात उंदीर पडला, म्हणजे मरून पडला, की गाव उठायचं. भांडीकुंडी, म्हातारी माणसं, गुरं घेऊन रानात छपरं घालायची आणि साथ सरेपर्यंत तिथंच राहायचं. यातलं शास्त्र तेव्हा गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत दाखवून दिलं की प्लेग उंदरावरच्या पिसवा पसरवतात. उंदीर मेला, गार पडला, की पिसवा त्याला सोडून माणसाच्या अंगावर येतात. घरच सोडलं तर पिसवा चावणार कुणाला? मला विचाराल तर या प्रकरणात गावकरी डॉक्टरांच्या पुढं होते.

मात्र प्रत्येक वेळी पळून जाता येत नाही. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली. इस्पितळाच्या जमिनीवर रोगी, शिरेतून द्यायची सलाइन संपत आलेली. डॉ. दिलीप महालनोबीस यांनी पिंपात मीठ-साखरेचं पाणी कालवलं आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच सांगितलं, पाजत राहा. वेड्यासारखं वाटतं ना? जो माणूस पाणी बाहेर टाकतोय त्याला आणखी पाणी! पण पटकीचं विष आतड्यातलं एक दार बिघडवत नाही. साखर आणि मीठ जोडीनं आलं तरच उघडणारं ते दार आहे, आणि त्या दोघांपाठोपाठ पाणीही आत शिरतं. आधी शंभरातले तीसेक दगावत होते, ते चारच्याही खाली आले. उकळून गार केलेलं लिटरभर पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. १५४३ च्या गोव्यातही या तिन्ही वस्तू मिळत होत्या.

आता जरा घरामागं जा. उघडा पिंप, टाकी किंवा वापरात नसलेली विहीर शोधा (विहिरीत वाकू नका, मोठं माणूस बरोबर घ्या). पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर हलवू नका, डोळे जवळ नेऊन बघा. डोकं खाली, शेपटी वर करून तिरप्या लोंबकळत असतील तर त्या साध्या डासांच्या किंवा डेंगीवाल्या. त्यांच्या शेपटीला श्वास घ्यायची नळी असते, ती त्या पाण्याबाहेर काढतात. पण अळी पाण्याच्या पातळीला चिकटून सरळ आडवी पसरलेली असेल, तर ती अॅनोफिलीस, हिवतापवाली. तिला नळीच नसते, म्हणून अंग आडवं टाकून श्वास घेते. तुमची सावली पडली की सर्रकन खाली जाते आणि थोड्या वेळानं पुन्हा वर येऊन तशीच पडते. पिंप असेल तर मोठ्यांना सांगून उपडा करा. विहीर किंवा हौद असेल तर पालिकेकडून, कॅम्पात राहत असाल तर कँटोन्मेंटकडून, गप्पी मासे मागवता येतात का विचारा. इवलासा मासा, पण दिवसभर अळ्या मटकावत हिंडतो, आणि त्याला हवा कुठली आहे याच्याशी काही देणं-घेणं नसतं.